काउंटच्या शब्दावर वसलेली पेठ

बाराव्या शतकाच्या मध्यावर व्हेझले गावचे काही सराफ प्रोव्हँच्या जत्रेला निघाले होते. फ्रान्सचा राजा सातवा लुई तेव्हा दुसऱ्या क्रूसेडसाठी पूर्वेकडे गेलेला होता. सांस आणि ब्रे या गावांच्या दरम्यान या सराफांना अडवून लुटण्यात आलं. रस्ता राजाचा होता, म्हणजे त्यावरून जाणाऱ्याच्या जीविताची आणि मालाची हमी राजाकडे होती. लुटणाराही रानातला दरोडेखोर नव्हता, सांसच्या व्हायकाउंटचा मुलगा होता. शँपेन प्रांताचा काउंट दुसरा तिबो याला ही बातमी कळली, तेव्हा त्याने राजाच्या गैरहजेरीत राज्य सांभाळणाऱ्या सुजेर या मठाधिपतीला पत्र लिहिलं. पैसे परत करायला लावा, हा अपराध मी असाच सोडणार नाही, कारण यातून माझ्या जत्रांचाच नाश व्हायचा आहे, असा त्या पत्राचा आशय आहे.

हे सराफ तिबोची प्रजा नव्हते. त्यांचं गाव बरगंडीत होतं. एरवी एखाद्या सरंजामदाराने परमुलखातल्या चार सराफांसाठी राज्याच्या कारभाऱ्याला धारेवर धरलं नसतं. पण ते तिबोच्या जत्रेला निघाले होते, आणि तेवढ्यावरून तो त्यांना आपल्या आश्रयातले समजत होता. प्रोव्हँचा मध्ययुगीन वारसा म्हटलं की लोक तटबंदी, बुरूज आणि तळघरं दाखवतात. मला त्याआधी हे पत्र आठवतं. ही पेठ उभी राहिली ती अशा शब्दावर.

पॅरिसच्या आग्नेयेला सुमारे ८० किलोमीटरवर प्रोव्हँ आहे. आज तिथे जेमतेम १२ हजार माणसं राहतात. गावाचे दोन भाग आहेत. टेकाडाच्या सोंडेवर वरचं गाव, आणि व्हूल्झी व द्युर्तां या दोन लहान नद्यांच्या दलदलीत वसवलेलं खालचं गाव. इथे बिशपचं पीठ नव्हतं, नावा चालतील अशी मोठी नदी नव्हती, समुद्र तर फारच दूर. नकाशा पाहून कुणी इथे युरोपची बाजारपेठ मांडली नसती. तरीही बाराव्या आणि तेराव्या शतकात मिलान, जिनोआ, फ्लॉरेन्स, सिएना, तुलूझ, इप्र आणि आरास या शहरांतले व्यापारी वर्षातून दोनदा इथे येत आणि एकेका वेळी महिना-दीड महिना मुक्काम ठोकत.

वरच्या गावातला सर्वांत ठळक बुरूज ‘सीझरचा बुरूज’ म्हणून ओळखला जातो, पण ज्युलियस सीझरचा त्याच्याशी काही संबंध नाही. तो बाराव्या शतकातला आहे. खाली चौकोनी, वर अष्टकोनी, आणि कोपऱ्यांना चार लहान बुरूज. काउंटने तो बांधला तो आपली सत्ता लांबून दिसावी म्हणून. त्याच्या पायथ्याशी जो जाडजूड दगडी वेढा दिसतो, तो शंभर वर्षांच्या युद्धात इंग्रजांनी पंधराव्या शतकात घातला. शेजारचं सां-कीरियासचं चर्च तिबोच्या मुलाने, आँरी ‘उदार’ याने, हाती घेतलं. त्याचा पूर्वेकडचा भाग भव्य आहे. पश्चिमेकडचा मंडप मात्र अर्ध्यावर थांबला आणि कधीच पुरा झाला नाही. गावाकडे पैसा कधी आला आणि कधी आटला, हे या एका इमारतीवरून कळतं.

प्रोव्हँची जत्रा एकटी नव्हती. शँपेनच्या मुलखात वर्षभर सहा जत्रांचं चक्र फिरत असे. जानेवारीत लान्यी, मग लेंटच्या उपवासाच्या दिवसांत बार-स्युर-ओब, मे महिन्यात प्रोव्हँच्या वरच्या गावात, उन्हाळ्यात त्र्वाची ‘उष्ण’ जत्रा, सप्टेंबरात पुन्हा प्रोव्हँ, पण या वेळी खालच्या गावात सांतायूलच्या मठाभोवती, आणि वर्षअखेरीस त्र्वाची ‘शीत’ जत्रा. एक संपली की माल, माणसं आणि वह्या पुढच्या गावाकडे निघत. त्यामुळे फ्लँडर्सचं कापड आणि भूमध्य समुद्रापलीकडचे मसाले यांना वर्षाच्या बहुतेक महिन्यांत शँपेनमध्ये कुठे ना कुठे गिऱ्हाईक असे.

प्रत्येक जत्रेचा क्रमही ठरलेला होता. पहिला आठवडा गाठोडी सोडायला, जागा लावायला आणि माल नोंदवायला. त्यानंतर दहा दिवस कापड. ते संपल्याची हाळी जत्रेचे शिपाई बाजारभर देत, आणि त्यानंतर कापडाचा व्यवहार बंद. पुढे चामडं. वजनावर विकला जाणारा माल म्हणजे मसाले, रंग, तुरटी, मेण, साखर यांना वेगळी मुदत. मलबारच्या किनाऱ्यावर वेलीवरून उतरवलेली काळी मिरी अरबी समुद्र, तांबडा समुद्र, अलेक्झांड्रिया आणि एखादं इटालियन बंदर असा प्रवास करून, आल्प्स ओलांडून या तराजूंपर्यंत पोचे. मिरीच्या गोणीपर्यंत जाताना किती हातांनी नफा घेतलेला असेल, याचा विचार केला की थक्क व्हायला होतं.

सगळ्यात शेवटी येई हिशेबाची मुदत, आणि माझ्या मते जत्रेचं खरं मोठेपण या शेवटच्या दिवसांत आहे. दीड महिना व्यापारी एकमेकांकडून माल उचलत, पण रोख क्वचितच देत. देणं वहीत चढे. अखेरीस सराफ आपली बाकं मांडून बसत आणि कोण कुणाला किती देणं लागतो हे एकमेकांत वळतं करून उरलेल्या रकमेचीच नाणी हात बदलत. ज्याच्याकडे तीही नसत, तो पुढच्या जत्रेची मुदत घेई. हळूहळू मालाशिवायचे व्यवहारही जत्रेच्या तारखांना बांधले गेले. जिनोआत नोटरीसमोर बसून एखादा माणूस स्थानिक नाण्यात रक्कम घेई आणि ती प्रोव्हँच्या मे महिन्याच्या जत्रेत प्रोव्हँच्या नाण्यात फेडण्याचा करार करी. आपल्याकडच्या हुंडीवर वाढलेल्या वाचकाला यातली गंमत लगेच कळेल. दोन नाण्यांच्या दरातल्या फरकात व्याज लपवता येत होतं, आणि व्याजाला पाप मानणाऱ्या चर्चच्या नजरेतून सुटता येत होतं. पुढे १३११मध्ये राजा चौथा फिलिप याने या जत्रांसाठी व्याजाची मर्यादा उघडपणे ठरवली. एका जत्रेपासून दुसरीपर्यंत अडीच टक्के, म्हणजे सहा जत्रांच्या वर्षाला पंधरा.

प्रोव्हँच्या नाण्याची पत केवढी होती, हे रोममध्ये दिसतं. ‘प्रोव्हिनुआ’ नावाचं हे चांदीचं लहान नाणं इटालियन व्यापाऱ्यांच्या हातांतून दक्षिणेत इतकं पसरलं, की बाराव्या शतकाच्या अखेरीस रोमच्या सिनेटने स्वतःची नाणी पाडायला घेतली तेव्हा नमुना म्हणून तेच निवडलं. प्रोव्हँच्या नाण्यावर कंगव्यासारखं चिन्ह होतं, ते रोमच्या नाण्यावरही आलं. सीझरचं शहर एका फ्रेंच बाजारगावाच्या नाण्याची नक्कल करत होतं.

हे सगळं कशावर चाललं होतं? काही अर्थशास्त्रज्ञांनी असं मांडलं, की व्यापारी आपसातच न्यायनिवाडा करत, खोटेपणा करणाऱ्याचं नाव वाळीत पडे आणि सरकारची फारशी गरजच नव्हती. मला हे पटत नाही. प्रोव्हँचे कागद दुसरंच सांगतात. काउंटने नेमलेले ‘जत्रेचे रक्षक’ होते, त्यांच्या हाताखाली शिपाई होते, नोटरी होते, आणि त्यांची मोहोर उठलेला करार कुठल्याही गावात मान्य व्हावा अशी अपेक्षा होती. फ्लॉरेन्सच्या एखाद्याने देणं बुडवलं, तर रक्षक फ्लॉरेन्सच्या अधिकाऱ्यांना पत्र धाडत. तिथे न्याय झाला नाही, तर त्या शहरातल्या सगळ्याच व्यापाऱ्यांना सहाही जत्रांचे दरवाजे बंद. एकाच्या लबाडीची शिक्षा साऱ्या शहराला होते, हे वरवर पाहता अन्यायाचं वाटतं. पण त्यामुळेच प्रत्येक शहर आपल्या माणसांवर नजर ठेवू लागलं.

रस्त्याची काळजीही काउंटच घेत होता. शेजारच्या सरदारांशी करार करून त्याने व्यापाऱ्यांसाठी अभय मिळवलं. १२०९मध्ये राजा फिलिप ऑगस्टस याने जत्रेला येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांना आपल्या सगळ्या मुलखात संरक्षण जाहीर केलं. सराफांच्या लुटीनंतर तिबोने जे मागितलं होतं, ते आता राजाच्या सनदेत आलं. यातला स्वार्थ उघड आहे. प्रत्येक गाठोड्यामागे काउंटला जकात मिळत होती, तराजूचं भाडं मिळत होतं, घरभाड्यात वाटा मिळत होता. स्वतःच्या फायद्यासाठी का होईना, परक्या माणसाला सुरक्षित ठेवणारे राज्यकर्ते त्या काळात फार नव्हते. व्यापाऱ्यांनाच नव्हे, इतरांनाही याचा उपयोग झाला. ११२२च्या सुमारास पिएर आबेलार हा तत्त्वज्ञ सां-देनीच्या मठातून रात्री पळाला, तो थेट याच तिबोच्या मुलखात आला आणि प्रोव्हँला सांतायूलच्या मठात आश्रयाला राहिला.

परक्यांचा माल विकणारं हे गाव स्वतःही काही बनवत होतं. प्रोव्हँचं लोकरी कापड गडद रंगासाठी प्रसिद्ध होतं, काळसर झाक असलेला निळा. खालच्या गावात नद्यांचं पाणी कालव्यांनी खेळवून धुण्याची, रंगवण्याची आणि लोकर तुडवून घट्ट करण्याची कामं चालत. लोकरीतली चरबी काढायला मुलतानी मातीसारखी माती लागे. गावाखाली भुयारांचं जे जाळं आहे, त्यातली काही ही माती खणताना तयार झाली असावीत असं मानलं जातं. वर व्यापाऱ्यांच्या घरांना कमानीची दगडी तळघरं होती. रस्त्याच्या पातळीपासून थोडी खाली उतरणारी, थंड, जाड भिंतींची, माल ठेवायला आणि दाखवायला सोयीची. वरच्या गावातली ‘दशमांशाची वखार’ ही इमारत पुढे चर्चच्या वाट्याचं धान्य साठवायला वापरली गेली म्हणून त्या नावाने राहिली. जत्रेच्या दिवसांत सां-कीरियासचे धर्माधिकारी ती तुलूझच्या व्यापाऱ्यांना भाड्याने देत.

या वैभवाच्या शिखरावर होता चौथा तिबो. त्याचा जन्म १२०१चा, वडील वारल्यानंतरचा. जन्मल्या दिवसापासून तो काउंट होता. १२३४मध्ये मामाकडून त्याला नवारचं राज्य मिळालं आणि तो राजाही झाला. पण फ्रान्सला तो आठवतो कवी म्हणून. त्याची साठएक गीतं चालींसह शिल्लक आहेत. ती प्रोव्हँ आणि त्र्वा इथल्या वाड्यांच्या भिंतींवर लिहिली होती असं जुन्या बखरींत म्हटलं आहे. क्रूसेडहून १२४०च्या सुमारास परतताना त्याने दमास्कसचा लाल गुलाब आणला आणि तोच प्रोव्हँचा गुलाब, ही कथा गावात आजही अभिमानाने सांगतात. तिला त्या काळातला पुरावा नाही. त्या गुलाबाच्या सुकवलेल्या पाकळ्या औषध म्हणून पुढची कित्येक शतकं प्रोव्हँहून विकल्या गेल्या, हे मात्र खरं.

मला तिबोची दुसरी कामगिरी जास्त महत्त्वाची वाटते. १२३०मध्ये त्याने प्रोव्हँ आणि त्र्वा यांना नगरसभेची सनद दिली. मालमत्तेवर ठरलेला कर, आणि त्याच्या बदल्यात गावाचा स्वतःचा मेयर, स्वतःचे पंच. गावाभोवतीचा तटही त्याच्याच काळात उभा राहू लागला. वरच्या गावाभोवती त्याचा सुमारे १२०० मीटरचा पट्टा अजून उभा आहे. त्यात बुरूज किती तऱ्हेचे आहेत! गोल, चौकोनी, टोकदार. बांधणाऱ्यांकडे पैसा होता आणि हौसही होती.

सनदेने मेयर दिला, पण मेयर होणारे सगळे श्रीमंत कापडव्यापारी होते. माग चालवणारा, रंगाच्या पिंपात हात बुडवणारा, लोकर तुडवणारा माणूस त्या सभेत नव्हता. कर मात्र त्याच्यापर्यंत बरोबर पोचत होता. १२७४मध्ये शेवटचा काउंट वारला, मागे राहिली ज्वान नावाची लहान मुलगी. तिची आई ब्लांश हिने इंग्लंडच्या राजाच्या भावाशी, लँकेस्टरच्या एडमंडशी लग्न केलं आणि मुलगी वयात येईपर्यंत शँपेनचा कारभार त्याच्याकडे आला. गावावर कराचं ओझं वाढलं. मेयर गियोम पांतकोत याने मालकांच्या मागणीवरून तोडगा काढला. संध्याकाळी काम सुटल्याची घंटा एक तास उशिरा वाजवायची.

कामगाराच्या दिवसाला घड्याळ नव्हतं, घंटाच होती. एक तास म्हणजे कापडाचे काही हात जास्त, मजुरी तेवढीच. १२८०च्या जानेवारीत लोकर तुडवणारे, विणकर, रंगारी रस्त्यावर आले. त्यांनी मेयरचं घर फोडलं आणि पांतकोतला ठार मारलं. युरोपातल्या कामाच्या तासांवरून पेटलेल्या फार जुन्या दंगलींपैकी ही एक. सूड मोठा होता. एडमंडच्या माणसांनी गावाची हत्यारं काढून घेतली, तटाचे दरवाजे ताब्यात घेतले, काहींना फाशी झाली, काहींना हद्दपारी, आणि नगरसभेचे हक्क काढले. ज्या घंटेने बंडखोरांना एकत्र केलं, तीही हिरावली गेली. पुढच्या वर्षी माफी मिळाली, हक्कही बरेचसे परतले. पण गावातला आपलेपणा परत आला असं दिसत नाही.

त्यानंतरची पडझड एका माणसाच्या किंवा एका वर्षाच्या माथी मारता येत नाही. १२८४मध्ये ज्वानचं लग्न चौथ्या फिलिपशी झालं, पुढच्या वर्षी तो राजा झाला, आणि शँपेन पॅरिसच्या हाती गेलं. काउंटला जत्रा म्हणजे सर्वस्व होतं. राजाला ती अनेक उत्पन्नांपैकी एक होती. त्याची फ्लँडर्सशी युद्धं सुरू झाली, आणि जत्रेचा निम्मा माल जिथून येत होता, तो देशच शत्रू ठरला. इटालियन सावकारांची धरपकड आणि मालजप्ती वारंवार झाली. १३०६मध्ये ज्यूंना हाकलून त्यांची मालमत्ता घेतली गेली. जत्रांना शंभर वर्षं पुरलेला शब्द राजाने स्वतःच मोडला, असं मी म्हणेन. त्याच सुमाराला व्यापारही बदलत होता. १२७७पासून जिनोआची गलबतं जिब्राल्टर वळून थेट फ्लँडर्सला जाऊ लागली. इटालियन पेढ्यांनी पॅरिस आणि ब्रूझला कायमचे गुमास्ते बसवले, ते पत्रांवर व्यवहार करत. फ्लॉरेन्स इंग्लंडची लोकर आणून स्वतःच उत्तम कापड विणू लागलं. जत्रेला स्वतः जायचं कारणच उरलं नाही. तरी राजाने परक्यांशी दुसऱ्या तिबोसारखं वागणं ठेवलं असतं, तर प्रोव्हँ इतकं लवकर ओस पडलं नसतं असं मला वाटतं.

१३२०च्या दशकात गावाला एक प्रश्न विचारला गेला. नगरसभा आणि मेयर ठेवायचे, की सरळ राजाच्या अधिकाऱ्यांखाली राहायचं? प्रोव्हँ आणि त्याच्या अधिकारातल्या खेड्यांमधल्या सुमारे २७०० माणसांची मतं नावानिशी लिहून घेतली गेली. त्यात शेकडो स्त्रियाही होत्या, विधवा, कामकरी, लग्न झालेल्या. चौदाव्या शतकातल्या एका गावाने बायकांचं मत विचारलं आणि नोंदवलं, हे वाचून मी पुन्हा पुन्हा त्या आकड्यांकडे वळले आहे. मेयरच्या बाजूने दीडशेच्या आसपास मतं पडली. अडीच हजारांहून अधिक लोकांनी राजा हवा म्हणून सांगितलं. नगरस्वातंत्र्याचा इतिहास लिहिणाऱ्यांना हा निकाल खुपतो. पण ज्यांनी घंटेचा एक तास सोसला होता, त्यांची मुलं-नातवंडं या यादीत होती. त्यांच्या लेखी मेयर म्हणजे कापडवाल्यांचा माणूस होता. राजा निदान लांब होता.

१३४९च्या ऑगस्टमध्ये सहाव्या फिलिपने शँपेनच्या जत्रांसाठी एक लांबलचक फर्मान काढलं. जुने हक्क पुन्हा दिले, रक्षकांना अधिकार दिले, येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला अभय दिलं. फर्मान निघालं तेव्हा काळ्या प्लेगची साथ फ्रान्सभर पसरलेली होती आणि इंग्लंडशी युद्ध चालू होतं. व्यापारी आले नाहीत. प्रोव्हँमध्ये नवी घरं बांधायला, जुना तट पाडून गाव वाढवायला पैसा उरला नाही, म्हणून तेराव्या शतकातली घरं, तळघरं आणि तट बरेचसे जसेच्या तसे राहिले. २००१मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत हे गाव घेतलं ते ‘मध्ययुगीन जत्रांचं गाव’ या नावाने.